ओसरीवरचा रेडिओ

पुढे मी विद्यापीठात मुलांना नभोवाणी शिकवू लागले, अजूनही शिकवते. माईकसमोर कसं बसायचं, कानासाठी कसं लिहायचं, कुठे थांबायचं. हा विषय शिकवणाऱ्याला लोक हमखास विचारतात, तुम्ही आधी कुठल्या केंद्रावर होता, कुठल्या कंपनीत होता? मी कुठेच नव्हते. हे सगळं मी सांगलीच्या कॉलेजात, पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत शिकले, आणि तेव्हा असा विषय कुठल्या परीक्षेलाही नव्हता.

आमचे सर पदार्थविज्ञान शिकवत. त्याआधी ते कोल्हापूरला एका चित्रपट कंपनीत ध्वनिमुद्रण करायचे. बोलपट नवे होते, शिकलेली माणसं कमी होती, आणि सरांचं तिथे चांगलं चाललं होतं. मग त्यांच्या पत्नीला क्षयाने गाठलं. मिरजेचे डॉक्टर जवळ असावेत म्हणून त्यांनी ते काम सोडलं आणि कॉलेजात नोकरी धरली. पत्नी त्या दुखण्यातून उठली नाही. सर मात्र परत कोल्हापूरला गेले नाहीत. कुणी कारण विचारलं तर म्हणत, "तिथे रोज दुसऱ्यांचं रडणं ध्वनिमुद्रित करावं लागे. आता ते जमणार नाही."

शनिवारी दुपारी ते एक वर्ग घ्यायचे. फी नाही, हजेरी नाही. प्रकाशाचे प्रयोग करायची जी अंधारी खोली होती, तिच्यात माईक ठेवलेला असे आणि बाहेर प्रयोगशाळेत कर्णा. एकाने आत जाऊन बोलायचं, बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करून ऐकायचं. सर खिडकीशी डोळे मिटून उभे राहत. बोलणं संपलं की विचारत, "काय ऐकलंत?" कसं वाटलं असं त्यांनी कधीच विचारलं नाही. आम्ही जे ऐकलं ते आणि आतल्याला जे सांगायचं होतं ते बहुतेक वेळा वेगळं निघे. मग तेच पुन्हा. हळदीचे बाजारभाव, गाड्यांच्या वेळा, आजारी माणसाला पथ्य कसं सांगायचं, असल्याच गोष्टी ते वाचायला देत. मी वर्गात नवी असताना एकदा आवाजात फार जीव ओतून वाचलं. सर म्हणाले, "बाई, हळदीचा भाव सांगताय. हळदीला रडू आणू नका."

मी मिरजेहून गाडीने येत असे. वडील तिथे दवाखान्यात कंपाउंडर होते. मुलगी कॉलेजात जाते हेच आमच्या गल्लीला पुष्कळ होतं. ती अंधाऱ्या खोलीत बसून एकटीच बोलते हे मी घरी बरेच दिवस सांगितलं नव्हतं. वर्गात माझ्या बरोबरीचा एक विद्यार्थी होता, तासगावकडच्या जैन शेतकऱ्याचा मुलगा; आम्ही त्याला तासगावकरच म्हणत असू. आवाज काढण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. प्राचार्य, स्टेशनमास्तर, स्वतःचे आजोबा, कुणाचीही हुबेहूब नक्कल करायचा. सर पोटभर हसत आणि मग म्हणत, "हं, आता तुझा आवाज ऐकव." तिथे तो गप्प होई.

दुसऱ्या महायुद्धाची शेवटची वर्षं होती. कराडच्या पलीकडे, कृष्णाकाठच्या एका गावातले एक पेन्शनर सुभेदार सरांकडे आले. त्यांच्या गावातला घराघरातला माणूस पलटणीत होता. कुणी ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर, कुणी इटलीत. रेडिओवर आठवड्यातून एकदा सैनिकांचे निरोप लागत, त्यांच्याच आवाजात, तिकडे तबकडीवर घेतलेले. गावात रेडिओ नव्हता.

"मास्तर," सुभेदार म्हणाले, "तुमी पेटी घेऊन याल का? आमच्या बायाबापड्यास्नी पोरांचा आवाज तरी ऐकू द्या."

गाव सरांना शेवटपर्यंत मास्तरच म्हणत आलं. सरांनी ते कधी दुरुस्त केलं नाही.

सर तयार झाले. कॉलेजचा बॅटरीवर चालणारा रेडिओ होता. तासगावकर मात्र बिथरला. बेचाळीसच्या चळवळीत त्याच्या घरच्यांनी भूमिगत माणसं लपवली होती. तो म्हणाला, "सर, हे सरकारचं काम झालं. पोरं तिकडे मरायला पाठवायची आणि इकडे त्यांचे आवाज ऐकवून लोकांना खूश ठेवायचं."

"असेल," सर म्हणाले. "पण त्या बायकांनी सरकार मागितलेलं नाही. मुलाचा आवाज मागितलाय. तू नको येऊस हवं तर."

तो आला. बॅटरी नेहमी तोच उचलायचा, कारण तिच्यातल्या तेजाबाने धोतराला भोकं पडायची आणि त्याला धोतराची फिकीर नव्हती.

गुरुवारी आम्ही गाडीने कराडला उतरायचो आणि तिथून बैलगाडीने गावात जायचो. चावडीसमोर लिंबाच्या झाडाला तार बांधायची, रेडिओ पोत्यावर ठेवायचा. दिवस मावळायच्या आधी सारा गाव जमे. आधी माणसाचा नंबर, मग नाव, मग गाव. दुसऱ्या गावाचं नाव आलं तरी लोक मन लावून ऐकत. सगळे निरोप एकसारखे असत. मी खुशाल आहे, काळजी करू नये, जनावरं सांभाळावी. पोरं कागदावरून वाचत आणि अडखळत. तरी ज्या बाईचा मुलगा बोले ती पदर तोंडात धरून बसे आणि बाकीच्या तिच्याकडे बघत राहत. सर आम्हाला सांगत, "रेडिओकडे बघू नका. त्यांच्याकडे बघा. तुमचा वर्ग तिथे बसलाय."

सरांचा चित्रपट कंपनीतला एक जुना मित्र मुंबईला रेडिओत होता. आपल्या भागातल्या कुणाचा आवाज लागणार असला की तो आधी कळवायचा. एकदा त्याने असंच एक नाव कळवलं. पुढच्या गुरुवारी या गावच्या एका जवानाचा निरोप लागणार होता. सर आनंदाने ते सांगायला निघाले. कराड स्टेशनवर सुभेदार न्यायला आले होते. सरांनी नाव सांगितलं, तशी सुभेदारांनी डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला.

"मास्तर, ते पोरगं न्हाई आता. इटलीत पडलं. परवाच मी त्याच्या घरी सांगून आलोय."

निरोप आधी घेतलेला होता, तबकडी वाटेत होती, आणि माणूस मधल्या काळात गेला होता.

सरांनी कराडच्या पोस्टातून मुंबईला मित्राला फोन लावला. आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. बाहेर येऊन सर म्हणाले, "तो विचारतोय, तबकडी काढून टाकू का. मी म्हटलं, थांब. हे मीही ठरवायचं नाही आणि तूही."

"मग कोण ठरवणार?" तासगावकराने विचारलं.

"ज्यांचा मुलगा आहे ते."

त्या दिवशी रेडिओ सुभेदारांकडे ठेवून आम्ही त्या घरी गेलो. लहान घर, शेणाने सारवलेली ओसरी, मागे गोठा. घरात दोनच बायका उरल्या होत्या. जवानाची आई, जिला सारा गाव आक्का म्हणे, आणि त्याची बायको. ती माझ्याच वयाची असेल. लग्नानंतर नवरा एकदाच रजेवर आला होता. सरांनी मला आत बायकांजवळ बसायला सांगितलं आणि स्वतः ओसरीच्या पायरीवर टेकले. कशाचीही प्रस्तावना न करता त्यांनी सांगितलं की मुलाचा आवाज जिवंतपणी घेतलेला आहे, पुढच्या गुरुवारी लागणार आहे, नको असेल तर लागणार नाही.

आक्का म्हणाल्या, "आवं मास्तर, माती झालेल्या माणसाचा आवाज घरात कशापायी आणायचा? त्याचा जीव अडकंल. न्हाई नगं."

सर म्हणाले, "बरं आक्का." आणि उठू लागले.

तेवढ्यात दाराआडून सून बोलली. सासूसमोर, परक्या पुरुषासमोर ती बोलेल असं आम्हालाच काय, आक्कांनाही वाटलं नसेल. "मला ऐकायचाय. मला त्यांचा आवाज ध्यानात ऱ्हायला न्हाई. लय आठवून बघितला, येत न्हाई."

आक्कांनी मागे वळून पाहिलं. रागावतील असं मला वाटलं. त्या नुसत्या बघत राहिल्या. सर पुन्हा पायरीवर बसले. म्हणाले, "आक्का, तुम्हाला ऐकायचं नसेल तर त्या वेळी तुम्ही सुभेदारांच्या घरी बसा. ही ऐकेल. चावडीवर लावणार नाही, इथेच लावू. तुम्ही नाही म्हणालात तर मात्र लावणार नाही."

"ऐकू दे तिला," आक्का म्हणाल्या. "मी न्हाई ऐकायची."

परतताना सरांनी मित्राला फोन करून निरोप लावायला सांगितलं. पुढच्या गुरुवारी रेडिओ ओसरीवर ठेवला. तार गोठ्याच्या आढ्याला बांधली. गावाला सुभेदारांनी सांगून ठेवलं होतं, त्यामुळे कुणी आलं नाही. सून भिंतीला टेकून बसली, मी तिच्याशेजारी. आक्का सुभेदारांकडे गेल्या नाहीत. अंगणात, आमच्याकडे पाठ करून, शेंगा फोडत बसल्या.

आधी दुसरी नावं झाली. मग खरखर वाढली. सर गुडघ्यावर बसून बटण केसाएवढं फिरवत होते. नंबर आला, नाव आलं, गाव आलं.

आवाज कोवळा होता. कागदावरून वाचणारा. "आईस दंडवत. मी हिकडं खुशाल हाय. थंडी लय हाय पर कपडे चांगले दिल्यात. तांबडा खोंड अजून ल्हान हाय, त्याला औंदा नांगराला धरू नगासा. आईनं पहाटचं उसाला पाणी धराय जाऊ ने, खोकला वाढतोय. घरच्या मंडळींनी काळजी करू ने." मग थोडं थांबून, कागदाबाहेरचं, कुणाला तरी बाजूला विचारावं तसं, "झालं का?" आणि पुढचा नंबर सुरू झाला.

आमच्याकडे नवरा चारचौघांत बायकोचा उल्लेख करत नसे. मंडळी म्हणजे ती. सुनेने तो शब्द ऐकताच माझा हात धरला, आणि इतका घट्ट की बांगडी मनगटात रुतली.

अंगणातला शेंगांचा आवाज केव्हाच थांबला होता. आक्का उठून ओसरीपाशी आल्या. त्यांचा चेहरा रडका नव्हता. एखादी गोष्ट अर्धवट ऐकू आल्यावर माणूस करतो तसा होता. "झालं का, म्हनला न्हवं? जेवतानाबी तसाच म्हनायचा. मी वाढत बसले की, झालं का गं आई." मग रेडिओकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मास्तर, परत लावा की."

कर्ण्यातून दुसऱ्याच कुणाचा मुलगा बोलत होता. सरांनी रेडिओ बंद केला.

"आक्का, हे परत लागत नाही."

"एकडाव. मी पाठ करून बसले हुते. नीट ऐकलं न्हाई."

"माझ्या हातात नाही, आक्का. ते तिकडून येतं. आलं की गेलं."

आक्कांना ते पटत नव्हतं. पेटी समोर होती, त्यातून आत्ता त्यांचा मुलगा बोलला होता आणि पेटी अजून तिथेच होती. त्या तासगावकराकडे वळल्या. त्याच्या नकलांची कीर्ती गावात पोहोचली होती, चावडीवर त्याने सुभेदारांचीही नक्कल करून दाखवली होती. "तू समद्यांचा आवाज काढतूस न्हवं? मग त्येच्यावानी बोल की रं. ऐकलंस न्हवं आत्ता?"

त्याला ते जमलं असतं, याबद्दल आमच्यापैकी कुणालाच शंका नव्हती. त्याने घसा साफ केलाही. सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "नको."

"का ओ?" आक्का म्हणाल्या.

"तो आवाज तुमच्या मुलाचा होता. तो दुसऱ्याने घेऊ नये. आज बरं वाटेल, उद्या त्रास होईल. पण तो जे बोलला ते शब्द तुमचेच आहेत. ते आम्ही सांगतो." मग ते माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगा. तुमच्या आवाजात. नक्कल नाही, रडं नाही."

मी ओसरीवर बसून सांगितलं. दंडवत, थंडी, खोंड, खोकला, मंडळी. शेवटच्या दोन शब्दांपाशी मी थांबले. ते म्हणावेत की नाही मला कळेना. सरांनी मान हलवली, तसे तेही म्हटले. आक्का समोर उकिडव्या बसून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "पुन्यांदा." मी पुन्हा सांगितलं. किती वेळा सांगितलं ते आता आठवत नाही. परतताना गाडीवानाला कंदील लावावा लागला होता.

पुढच्याच सुट्टीत सर मुंबईला गेले. तबकडी मिळाली तर ती ग्रामोफोनवर वाजवून दाखवता येईल, असा त्यांचा विचार होता. सुभेदारांकडे ग्रामोफोन होता. पण युद्धामुळे धातू मिळत नव्हता, म्हणून वापरलेल्या तबकड्यांवरची लाख काढून त्यांना नवा थर देत असत. तीही त्यात गेली होती. मित्राने पुष्कळ शोधलं. सर आम्हाला म्हणाले, "फोनवर एक वाक्य बोललो असतो, ठेव म्हणून, तर राहिली असती. लावायची की नाही एवढाच विचार केला. नंतर काय, हा विचारच केला नाही." त्यानंतर वर्गात कुणी काही नवं करायचं म्हटलं की सरांचा पहिला प्रश्न असे, "हे ठेवणार कुठे?"

आक्कांना हे सांगायला ते एकटेच गेले. काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही. मात्र पुढच्या गुरुवारी आक्का चावडीवर आल्या आणि अगदी पुढे, रेडिओजवळ बसल्या. त्यानंतर त्या चुकल्या नाहीत. दुसऱ्यांच्या मुलांचे आवाज ऐकायला यायच्या. ज्या बाईचा मुलगा बोलणार असे तिला जवळ ओढून बसवत आणि पोराटोरांना दटावत, "गप ऱ्हावा रं! परत लागत न्हाई त्ये."

मी गेले की सून मला गोठ्याकडे नेऊन शब्द म्हणायला लावायची. सगळे नाही. शेवटचंच वाक्य, मंडळींचं. आक्का म्हणत, मंडळी म्हणजे समदं घर. सून काही बोलत नसे, पण ते तिला मान्य नव्हतं हे मला ठाऊक होतं.

युद्ध संपलं. माणसं परत आली, काही आली नाहीत. आमचं गावात जाणं थांबलं. तासगावकर बी.ए. होऊन शाळेत मास्तर झाला. नकला त्याने सोडल्या असं ऐकलं. आक्का पुढे दम्याने गेल्या. त्याआधी त्यांनी स्वतःच सुनेला सुभेदारांबरोबर मिरजेला आमच्या घरी पाठवलं. "हिला तिकडं दवाखान्यात कायतरी शिकवा," असा निरोप होता. माझ्या वडिलांनी शब्द टाकला. ती आधी वॉर्डात मदतनीस म्हणून लागली, मग लिहायवाचायला शिकली, मग नर्सिंगच्या वर्गात बसली.

मी तेव्हा सरांच्या हाताखाली त्याच कॉलेजात शिकवू लागले होते. एकदा दवाखान्याच्या मागच्या व्हरांड्यात आम्ही दोघी बोलत उभ्या होतो. तिची बोली बरीच बदलली होती, पण माझ्याशी ती गावासारखंच बोलायची.

"ताई, एक सांगू का? राग न्हाई न्हवं?"

"सांग की."

"आता त्यांचा आवाज आठवाय बसले की तुमचाच येतो. घरच्या मंडळींनी काळजी करू ने, ह्ये तुमच्याच आवाजात ऐकू येतं. त्यांचा गेला."

मी काहीतरी बोलणार होते, पण तिने हात हलवला. "तसं न्हाई. वाईट वाटतंय असं न्हाई. शब्द तरी ऱ्हायलं. निसतं सांगावंसं वाटलं."

मी ते सरांना सांगितलं. ते प्रयोगशाळेत माईकची जाळी पुसत होते. पुसायचे थांबले. म्हणाले, "मी बोलायला हवं होतं त्या दिवशी. म्हाताऱ्या पुरुषाच्या आवाजाची तिने गल्लत केली नसती." मग थोड्या वेळाने म्हणाले, "की केली असती? मला सांगता येत नाही."

सरांना मी एवढं एकदाच असं बोलताना ऐकलं. शिकवण्यात त्यांना सगळं सांगता येत असे.

विद्यापीठात हा विषय आला तेव्हा सर नव्हते. मी वर्गातल्या मुलांना ही हकिकत सांगते. दरवर्षी कुणीतरी विचारतं, मग तो निरोप लावायला हवा होता की नव्हता? मी त्यांना आक्का काय म्हणाल्या ते सांगते आणि सून काय म्हणाली तेही सांगते. वर्गात वाद सुरू होतो. मी तो मिटवत नाही.

आक्कांची सून मात्र त्या दिवशी व्हरांड्यात फार थांबली नाही. आत एका बाळंतिणीचा ताप वाढला होता. तिने टोपी नीट केली, म्हणाली, "येते ताई," आणि वॉर्डात गेली.